दात काढल्यानंतरची वेदना आणि त्वचेवरील वेदनाशामक पट्टी

दाढ काढून घरी परतलेल्या रुग्णाच्या हाती जी चिठ्ठी असते, तीत 'जेवणानंतर' हा शब्द हमखास असतो. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. अडचण नेमकी इथेच सुरू होते. जबडा आखडलेला असतो, गाल सुजलेला असतो आणि घास चावणे तर दूरच, पाण्याचा घोट घेतानाही रुग्ण बिचकत असतो. ज्यांना आधीपासून आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांच्यासाठी दातदुखी बरी की जळजळ बरी, असा पेच उभा राहतो. या पेचावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत दंतवैद्यांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत एका वेगळ्या साधनाचे नाव ऐकू येऊ लागले आहे. ते म्हणजे दंडावर किंवा छातीवर चिकटवायची वेदनाशामक पट्टी, म्हणजेच 'ट्रान्सडर्मल पॅच'.

दंडावर लावलेल्या पट्टीने दाढेचे दुखणे कसे थांबावे, हा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येतो. त्याचे उत्तर समजून घेतले, तर या पट्टीचे फायदे आणि तिच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

वेदना का होते?

दात काढताना हिरडी, दातांभोवतीचे तंतू आणि जबड्याचे हाड यांना इजा होते. अडकलेली अकलदाढ काढताना तर हिरडीला छेद घ्यावा लागतो आणि पुष्कळदा थोडे हाडही कोरावे लागते. इजा झालेल्या पेशी 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची रसायने तयार करतात. या रसायनांमुळे त्या भागातील मज्जातंतूंची टोके अधिक संवेदनशील होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज येते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन यांसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या 'सायक्लोऑक्सिजनेज' या विकराचे काम रोखतात. त्यामुळे वेदना आणि सूज दोन्ही कमी होतात.

या वेदनेचे वेळापत्रकही बरेचसे ठरलेले असते. खालच्या जबड्याला दिलेल्या भुलेचा बधिरपणा ओठ आणि जिभेवर साधारण तीन ते पाच तास टिकतो. तो उतरू लागला की वेदना जाणवू लागते. पहिल्या बारा तासांत ती सर्वांत तीव्र असते. सूज मात्र त्यानंतरही वाढत राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते. वेदनेचा हा क्रम इतका नेमका आहे, की नव्या वेदनाशामक औषधांची परीक्षा घेण्यासाठी जगभर अकलदाढ काढलेल्या रुग्णांचीच निवड केली जाते. औषध केव्हा द्यावे आणि त्याचा परिणाम केव्हा सुरू व्हावा, हे या वेळापत्रकावरच अवलंबून असते. पट्टीचा विचार करताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

त्वचेतून औषध शरीरात कसे जाते?

त्वचेचे मुख्य काम बाहेरच्या वस्तूंना आत येण्यापासून रोखणे हेच आहे. तिचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो. परंतु हाच पातळ थर बहुतेक पदार्थांना अडवतो. ज्यांचे रेणू लहान आहेत, म्हणजे साधारणपणे ज्यांचे रेणुभार ५०० पेक्षा कमी आहे, आणि जे स्निग्ध पदार्थांत बऱ्यापैकी विरघळतात, असेच पदार्थ त्यातून पार होऊ शकतात. डायक्लोफेनॅकचा रेणुभार २९६ च्या आसपास आहे. त्यामुळे ते या चाळणीतून जाऊ शकते. मात्र ते सावकाश जाते आणि त्यासाठी त्वचेचा अडथळा सैल करणारे काही साहाय्यक पदार्थ पट्टीत मिसळावे लागतात.

त्वचेवाटे संपूर्ण शरीरात औषध पोहोचवणारी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. ती प्रवासात होणाऱ्या मळमळीवरील स्कोपोलामाइन या औषधाची होती आणि कानाच्या मागे लावली जात असे. त्यानंतर हृदयविकारावरील नायट्रोग्लिसरीन, धूम्रपान सोडण्यासाठी निकोटीन, तसेच संप्रेरके अशी अनेक औषधे पट्टीच्या रूपात आली. गोळीतून घेतलेले औषध आधी जठर आणि आतड्यांतून, मग यकृतातून जाते. डायक्लोफेनॅकच्या बाबतीत तर गोळीतील जवळजवळ निम्मे औषध यकृतातच निकामी होते. पट्टीतील औषध हा फेरा टाळून थेट रक्तात मिसळते. शिवाय रक्तातील त्याचे प्रमाण एकदम वर जाऊन खाली न येता बराच वेळ एका पातळीवर राहते.

पट्ट्या दोन प्रकारच्या

दिसायला सारख्या असल्या, तरी सर्व वेदनाशामक पट्ट्यांचे काम सारखे नसते. पहिला प्रकार स्थानिक परिणामाचा. मुरगळलेला घोटा किंवा आखडलेला खांदा यांवर लावायच्या पट्ट्या या प्रकारात मोडतात. औषध त्वचेखालील स्नायूंत आणि सांध्यांत उतरावे, रक्तात फारसे जाऊ नये, अशीच त्यांची रचना असते. अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळालेल्या डायक्लोफेनॅक पट्टीचे उदाहरण बोलके आहे. तीत १८० मिलिग्रॅम औषध असते. परंतु रक्तात पोहोचणारे प्रमाण गोळीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी आढळले. घोट्यासाठी ही गोष्ट उत्तमच. दाढेसाठी मात्र अशी पट्टी दंडावर लावून उपयोग नाही.

दुसरा प्रकार संपूर्ण शरीरावर परिणाम करणाऱ्या पट्ट्यांचा. यांतील औषध रक्तात मिसळून जबड्यापर्यंत पोहोचणे अपेक्षित असते. भारतात दात काढल्यानंतर वापरल्या जाणाऱ्या १०० आणि २०० मिलिग्रॅमच्या डायक्लोफेनॅक पट्ट्या या हेतूने दिल्या जातात. दाहशामक औषध त्वचेवाटे पुरेशा प्रमाणात रक्तात पोहोचवणे अशक्य नाही, हे जपानमध्येही दिसून आले. तेथे २०२१ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी डायक्लोफेनॅकच्या अशा पट्टीला मान्यता मिळाली.

पट्टीच्या वेष्टनावर लिहिलेला आकडा वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १०० मिलिग्रॅम हे पट्टीत भरलेले औषध असते, शरीरात गेलेले नव्हे. चोवीस तासांनंतर पट्टी काढली, तरी तिच्यात बरेच औषध शिल्लक असते. म्हणूनच १०० मिलिग्रॅमची पट्टी ही १०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या बरोबरीची, असे गणित मांडता येत नाही.

अभ्यास काय सांगतात?

दात काढल्यानंतर पट्टी वापरण्याविषयीचे बरेचसे संशोधन भारतातील दंत महाविद्यालयांत झाले आहे. अडकलेल्या अकलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर डायक्लोफेनॅकची पट्टी आणि गोळी यांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली भारतीय मुखशल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर अशाच धर्तीवरचे अनेक अभ्यास झाले. दात सरळ करण्याच्या उपचारासाठी ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढाव्या लागतात, अशा तरुण रुग्णांची निवड अनेक ठिकाणी करण्यात आली. एका बाजूचा दात काढल्यावर गोळी आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या बाजूचा काढल्यावर पट्टी, अशी ही पद्धत. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन अनुभवांची तुलना करता येते.

या अभ्यासांचा एकत्रित सूर असा, की साध्या पद्धतीने दात काढल्यानंतरच्या सौम्य ते मध्यम वेदनेवर पट्टी बऱ्याच अंशी गोळीइतकीच उपयोगी पडते आणि जळजळ, मळमळ, पोटदुखी यांच्या तक्रारी कमी होतात. पहिल्या काही तासांत मात्र गोळीचे पारडे जड राहते आणि पट्टी लावलेल्या काही रुग्णांना पूरक गोळी घ्यावी लागते.

या निष्कर्षांच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. अनेकांत रुग्णाला आपण गोळी घेतो आहोत की पट्टी लावली आहे, हे ठाऊक होते. आणि वेदनेचे मोजमाप तर रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून असते. नवे साधन लावल्याचा मानसिक परिणाम त्यातून वेगळा काढणे कठीण असते. निवडलेले रुग्ण बहुधा तरुण आणि निरोगी होते. साहजिकच वृद्ध, हृदयरुग्ण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत.

याउलट गोळ्यांविषयीचा पुरावा भक्कम आहे. अकलदाढ काढल्यानंतर आयब्युप्रोफेन हे पॅरासिटामॉलपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष २०१३ साली कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात काढण्यात आला. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही दात काढल्यानंतरच्या वेदनेसाठी पहिली पसंती दाहशामक गोळ्यांना, एकट्या किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, दिलेली आहे. म्हणून पट्टी हा गोळीला सरसकट पर्याय नसून, ज्यांना गोळी घेणे अवघड आहे अशांसाठीचा दुसरा मार्ग आहे, असे मानणे योग्य ठरते.

पोट वाचते, पण धोका संपत नाही

पट्टीमुळे पोटाला त्रास होत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. गोळी जठराच्या अस्तराला थेट लागते आणि त्यामुळे होणारी जळजळ पट्टीने टळते. परंतु दाहशामक औषधांमुळे होणारे जठरातील व्रण केवळ अशा स्पर्शाने होत नाहीत. जठराच्या अस्तराचे रक्षण करण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनच करते. रक्तातून आलेले औषध त्याचीही निर्मिती घटवते.

यात एक साधे तर्कशास्त्र आहे. पट्टीतील औषध जबड्याची वेदना थांबवण्याइतके रक्तात पोहोचत असेल, तर तेच रक्त जठर, मूत्रपिंड आणि हृदयातूनही फिरते. आणि औषध तितके पोहोचतच नसेल, तर वेदनाही थांबणार नाही. परिणाम हवा पण दुष्परिणाम मुळीच नको, असा सौदा होत नाही. दुष्परिणामांची शक्यता कमी होते, इतकेच म्हणता येते.

युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१३ साली हृदयविकार, हृदयाची दुर्बलता, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांनी संपूर्ण शरीरावर परिणाम करणारे डायक्लोफेनॅक घेऊ नये, अशी सूचना केली. पुढील व्यक्तींनी तर गोळी असो वा पट्टी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये :

– ज्यांना पूर्वी जठराचा व्रण किंवा पोटात रक्तस्राव झाला आहे.
– ज्यांना अॅस्पिरिन किंवा तत्सम औषधाने दमा उफाळतो अथवा अंगावर गांधी उठतात.
– ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार आहे.
– जे रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत आहेत.
– गरोदर स्त्रिया. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळण्याचा सल्ला दिला आहे.
– ज्यांना ताप असून डेंग्यूची शंका आहे. या आजारात दाहशामक औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

केटोप्रोफेनच्या पट्टीबाबत आणखी एक दक्षता लागते. हे औषध लावलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास तीव्र पुरळ उठू शकते. युरोपात २०१० साली या धोक्याचा फेरविचार झाला, तेव्हा उपचाराच्या काळात आणि त्यानंतर दोन आठवडे तो भाग उन्हापासून झाकून ठेवावा, असे सांगण्यात आले.

फेन्टॅनिलशी गल्लत नको

'वेदनेची पट्टी' एवढ्याच नावाने ओळखली जाणारी आणखी एक पट्टी असते आणि ती दात काढलेल्या रुग्णासाठी प्राणघातक ठरू शकते. ही पट्टी फेन्टॅनिलची. हे अफूच्या गटातील अतिशय प्रभावी औषध असून, कर्करोगासारख्या दीर्घकाळच्या तीव्र वेदनेसाठी, आणि तेही ज्यांच्या शरीराला अशा औषधांची सवय झालेली आहे अशांनाच, ते दिले जाते. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते.

फेन्टॅनिलच्या पट्टीचा परिणाम हळूहळू, बारा ते चोवीस तासांत वाढत जातो. दात काढल्यानंतरची तीव्र वेदना तोवर ओसरू लागलेली असते. म्हणजे वेदना कमी होत असताना औषधाचा अंमल मात्र चढत असतो. सवय नसलेल्या शरीरात त्यामुळे श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा डोकेदुखीसारख्या वेदनेसाठी ही पट्टी दिल्याने मृत्यू झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ आणि पुन्हा २००७ साली इशारे दिले. २०१२ सालच्या इशाऱ्यात, १९९७ पासून लहान मुलांच्या अंगाला किंवा तोंडात चुकून अशी पट्टी गेल्याच्या २६ घटना नोंदल्या गेल्याचे आणि त्यांपैकी १० बालके दगावल्याचे नमूद आहे. घरात एखाद्या कर्करुग्णासाठी आणलेली पट्टी शिल्लक असेल, तर 'दुखण्याचीच आहे' म्हणून ती दाढेच्या दुखण्यासाठी कधीही लावू नये. आठवडाभर ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन पट्टीलाही हाच नियम लागू आहे.

पट्टी वापरण्याची पद्धत

पट्टीचा परिणाम सुरू व्हायला काही तास लागतात. म्हणून भूल उतरून ठणका सुरू झाल्यावर पट्टी लावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होय. दंतवैद्याने पट्टी सुचवली असेल, तर ती दात काढण्यापूर्वी किंवा काढल्यानंतर लगेच, भुलेचा अंमल असतानाच लावणे इष्ट. मधल्या काळासाठी एखादी पूरक गोळी घ्यावी का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

पट्टी दंड, छाती किंवा पाठीच्या वरच्या भागावर, स्वच्छ, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर लावावी. केस असल्यास ते कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने त्वचा ओरखडली, तर औषध जास्त शोषले जाते. तेल, पावडर किंवा मलम लावलेल्या जागी पट्टी नीट चिकटत नाही. खरूज, जखम किंवा पुरळ असलेली जागा टाळावी. पट्टी तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरावी. ती साधारणपणे चोवीस तास ठेवतात. दुसऱ्या दिवशीची पट्टी वेगळ्या जागी लावावी आणि जुनी आधी काढावी. पट्टी कापून अर्धी करू नये. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध वेगाने आत जाते.

दुखतो तो गाल, म्हणून पट्टी गालावर लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. चेहऱ्याची त्वचा नाजूक असते आणि पट्टी डोळ्यांच्या किंवा तोंडाच्या जवळ येते. ही पट्टी तोंडात हिरडीवर लावायची तर नाहीच. हिरडी बधिर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि त्या दंतवैद्यच लावतात. स्नायूंच्या दुखण्यासाठी मिळणाऱ्या कापूर-मेन्थॉलच्या पट्ट्यांचाही दाढेच्या दुखण्याला उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे पट्टी लावलेली असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अॅसिक्लोफेनॅकची गोळीही घेणे. पट्टी हे 'औषध' वाटतच नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. वेदना असह्य असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. मात्र दाढदुखीसाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आणि दाहशामक औषध एकत्र असते. त्यामुळे पाकिटावरील घटक वाचूनच गोळी घ्यावी. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास पट्टी लावल्याचे आवर्जून सांगावे. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने टाकावी. पट्टीखाली खाज किंवा तांबडेपणा आल्यास ती काढून जागा पाण्याने धुवावी.

पट्टीने दबू न देण्याची वेदना

दात काढल्यानंतरची साधी वेदना दिवसागणिक कमी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उलट वाढली, कानापर्यंत ठणका जाऊ लागला आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तर ते 'ड्राय सॉकेट'चे लक्षण असू शकते. दाताच्या रिकाम्या खाचेत जमलेली रक्ताची गुठळी निघून गेल्याने हाड उघडे पडते आणि तीव्र वेदना होतात. साध्या दाताच्या बाबतीत हे शंभरात एक ते पाच जणांना होते. खालच्या अकलदाढेनंतर हे प्रमाण बरेच अधिक असते. धूम्रपान हे याचे एक मोठे कारण आहे. या वेदनेवर एकामागून एक पट्ट्या लावून उपयोग नसतो. दंतवैद्याकडे जाऊन खाच धुऊन त्यात औषध भरून घ्यावे लागते.

त्याचप्रमाणे ताप, वाढती सूज, पू, तोंड मुळीच न उघडणे किंवा बोळा दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. मिश्री, तंबाखू आणि सिगारेट जखम भरेपर्यंत पूर्ण बंद ठेवावी.

वेदनाशामक पट्टी हे गिळण्याची अडचण असलेल्या, गोळीने जळजळ होणाऱ्या रुग्णासाठी सोयीचे साधन आहे. परंतु ती त्वचेवर असली, तरी तिचे काम शरीराच्या आत चालते. म्हणूनच दात काढण्यापूर्वी खुर्चीवर बसतानाच आपले जुने आजार आणि चालू औषधे दंतवैद्याला सांगावीत आणि पट्टी आपल्यासाठी योग्य आहे का, हे तेव्हाच विचारून घ्यावे. भूल उतरल्यावर, ठणका सोसत औषधांच्या दुकानात उभे राहून घेतलेला निर्णय बहुधा घाईचा ठरतो.